रकाना सातवा: उंची

"अर्जदाराची उंची ६१२ मीटरपेक्षा कमी असल्याने सदर अर्ज नामंजूर करण्यात येत आहे."

पाणीपुरवठा खात्याचं हे पत्र ग्रंथपालांनी फाटकातच तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्यातून, दुसऱ्यांदा चष्मा पुसून, आणि तिसऱ्यांदा मोठ्याने. ही तिसरी खेप नडली. शेजारचे वकील तेव्हा आपल्या फाटकाच्या बिजागरीला तेल घालत होते. "पुन्हा वाचा हो जरा," ते म्हणाले, आणि अर्ध्या तासात गल्लीच्या खालच्या टोकापर्यंत बातमी पोचली, की ग्रंथपाल सहाशे बारा मीटरला कमी पडले.

एखाद्या उंचापुऱ्या माणसाला असं पत्र आलं असतं तर तो पोट धरून हसला असता. ग्रंथपालांचं तसं नव्हतं. त्यांची उंची पाच फूट एक इंच. वाचनालयात वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला त्यांना स्टूल लागतं, आणि ते स्टूल एखादा वाचक न मागता पुढे सरकवतो तेव्हा ते त्या वाचकाला महिनाभर नवं मासिक देत नाहीत. उंचीचा विषय निघाला की ते तो वाळवीकडे वळवतात. अशा माणसाला सरकारी शिक्क्यानिशी लेखी कळवायचं, की बाबा रे, तू कमी आहेस! जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

चूक त्यांचीच होती, पण कुणाच्याही हातून झाली असती अशी. गल्ली टेकडीच्या उतारावर. टेकडीच्या माथ्यावर खात्याने नवी पाण्याची टाकी बांधली आणि जोडणीसाठी अर्ज मागवले. अर्जात सातव्या रकान्यात फक्त एक शब्द: "उंची". आयुष्यभर नाव, वय, उंची, ओळखीची खूण असेच अर्ज भरलेला हात. त्याने सवयीने लिहिलं, "पाच फूट एक इंच". आणि ग्रंथपाल पडले प्रामाणिक, म्हणून पुढे जोडलं, "चपलेशिवाय".

बाकीच्यांनी काही फार दिवे लावले नव्हते. वकिलांनी लिहिलं होतं, "दोन मजले व गच्ची". खालच्या अंगाला राहणाऱ्या फरशीवाल्या काकूंनी लिहिलं होतं, "होय. फरशी, नळ, दारं, सर्व उंची मालाचं आहे. येऊन बघावे." त्या काकूंना फरशीवाल्या म्हणतात ते याच फरशीपायी, तिच्यावरून त्या पाहुण्यांनाही नीट चालू देत नाहीत. तर तेही अर्ज परत आले होते. पण त्यांच्या पत्रांत नुसतं "माहिती अयोग्य" होतं. कमी पडले ते एकटे ग्रंथपाल.

तेवढ्यावर ते गप्प बसलेही असते. पण घरात वहिनी होत्या. म्हणजे ग्रंथपालांची बायको. अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू. अकरा वर्षांपूर्वी भावाभावांत घर वाटलं गेलं. खालचा मजला थोरल्याला, तो कुलूप लावून परगावी. वरचा मजला धाकट्याला, म्हणजे यांना. नळ अंगणात. वर पाणी चढत नाही, मोटर लावून खेचायला मनाई. सकाळी पावणेसहा ते सात पाणी येतं, आणि वहिनी बादल्या भरून बावीस पायऱ्या चढतात, उतरतात, चढतात. ग्रंथपाल साडेपाचलाच वाचनालय उघडायला निघालेले असतात, सहाला वर्तमानपत्रवाले दारात उभे असतात ना! गेल्या महिन्यात वहिनींचा उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. डॉक्टर म्हणाले, "पायऱ्या बंद." वहिनी म्हणाल्या, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी पावणेसहाला बादली घेऊन खाली उतरल्या. दुसरं करणार काय?

तेव्हा नवी टाकी म्हणजे ग्रंथपालांच्या घरात नुसती टाकी नव्हती. "येत्या महिन्यात वर नळाला पाणी येईल, माझा शब्द," असं ते बायकोला सांगून बसले होते.

ते पत्र घेऊन तडक खात्यात गेले. खिडकीमागे कारकून होता.

"माझी उंची कमी म्हणून अर्ज नामंजूर?"

"तुमची उंची आम्हाला काय करायचीय?"

"मग नामंजूर कशी केलीत?"

"तुम्ही लिहिलीत म्हणून," कारकून म्हणाला. "घराची उंची हवी. समुद्रसपाटीपासून. सहाशे बाराच्या वरच्या घरांना नवी टाकी. खालच्यांना जुनी पुरते."

"जुनी पुरत नाही."

"कागदावर पुरते."

"पण समुद्र इथून कुठे?"

"समुद्राचा पुरावा नकोय, उंचीचा हवाय. मोजणी खात्याचा दाखला आणा. सात महिन्यांत मिळतो."

"आणि अर्जाची मुदत?"

"पंधरा दिवस."

ग्रंथपालांच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण कारकुनाला दया आली. तो जरा खिडकीजवळ सरकला. "नाहीतर स्वतः मोजा. नियमात बसतं. उपकरण कुठलं ते लिहायचं, तीन दिवसांची मोजणी, दोन प्रतिष्ठित साक्षीदारांच्या सह्या. झालं."

स्वतः मोजा! ग्रंथपाल पायऱ्या उतरले ते दोन दोन. आयुष्यभर जगाने त्यांना मोजलं होतं. आता ते मोजणार होते.

गल्लीत सल्ल्याला तोटा नव्हता. वकील म्हणाले, फोनमध्ये सगळं असतं, आणि त्यांच्या फोनने एकाच खुर्चीत बसून तीन उंच्या सांगितल्या. तिसरीत तर वकील जमिनीखाली गेले होते. फरशीवाल्या काकू म्हणाल्या, शिंप्याचा टेप घ्या. कुठपासून धरायचा हे त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा, वाचनालय तुमच्याकडे आहे." पण खरी दिशा दाखवली ती घड्याळजींनी.

घड्याळजींचं दुकान वाचनालयासमोर. डोळ्याला भिंग लावूनच ते जन्मले असावेत. त्यांनी खालच्या खणातून बशीएवढी दोन पितळी यंत्रं काढली. घड्याळासारखी तबकडी, पण आकडे मीटरचे.

"उंचीमापक," घड्याळजी म्हणाले. "दोन गिर्यारोहक दुरुस्तीला टाकून गेले, ते परत आलेच नाहीत."

"अरेरे! वर गेले?"

"बदली झाली त्यांची. घ्या, एक न्या. आत पातळ पत्र्याची बंद डबी आहे, तिच्यातली हवा काढून घेतलीय. बाहेरची हवा तिला दाबते. आपण उंच जावं तसा दाब घटतो, डबी किंचित फुगते आणि काटा पुढे सरकतो. म्हणजे हे उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची सांगतं. उंची माहीत आहे अशा ठिकाणी जायचं, हा स्क्रू फिरवून काटा त्या आकड्यावर लावायचा आणि निघायचं. आडवं धरायचं, वाचण्याआधी काचेवर नखाने टिचकी मारायची. आणि मुख्य गोष्ट ऐका, हवा..."

पण मुख्य गोष्ट ऐकायला ग्रंथपाल दुकानात होते कुठे? ते रस्ता ओलांडून गेलेसुद्धा.

उंची माहीत असलेली जागा गावात एकच. रेल्वे स्टेशनच्या फलकावर नावाखाली लिहिलेलं असतंच, समुद्रसपाटीपासून उंची ५७४ मीटर. दुपारी चारला ग्रंथपाल त्या फलकाखाली उकिडवे बसून स्क्रू फिरवू लागले. स्टेशनमास्तर धावत आले.

"काय चाललंय?"

"काटा लावतोय."

"रुळांचा?" मास्तर आधी रुळांकडे धावून बघून आले. समजूत घालण्यात वीस मिनिटं गेली.

मग घरापर्यंतचे सव्वादोन किलोमीटर ग्रंथपाल दोन्ही तळव्यांवर यंत्र आडवं धरून चालले, काठोकाठ भरलेली चहाची कपबशी न्यावी तसे. चढ लागला आणि काटा हलला! पाचशे ऐंशी! नव्वद! सहाशे! ग्रंथपालांना घाम फुटला, कानशिलं तापली, समोरून येणाऱ्या दूधवाल्याला त्यांनी "सहाशे दोन!" म्हणून ओरडून सांगितलं. उंबरठ्यावर पोचून त्यांनी टिचकी मारली.

सहाशे पंधरा.

"अगंऽऽ! खाली ये! नको, नको, उतरू नकोस, मीच वर येतो!" ते बावीस पायऱ्या कसे चढले ते त्यांनाही कळलं नाही. "सहाशे पंधरा! तीन मीटर जास्तच!"

वहिनी भाजी चिरत होत्या. विळी बाजूला सारून त्या म्हणाल्या, "म्हणजे पाणी येणार?"

"येणार!"

"वर?"

"वर!"

वहिनींनी विळी पुन्हा पुढे ओढली. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "कांदा आहे." विळीवर दोडका होता.

ही पंधरा मीटरची, आपलं, सहाशे पंधरा मीटरची बातमी ग्रंथपालांनी दारोदार सांगितली. डोक्यात हवा गेली म्हणा ना. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मोजणी वहीत उतरवायला बसले तर काटा सहाशे चारवर.

टिचकी मारली. सहाशे चार. टेबलावर ठेवून बघितलं, तोंडात दोन शब्द पुटपुटून बघितलं. सहाशे चार.

"रात्रीतून घर अकरा मीटर खाली गेलं?" वहिनी म्हणाल्या. "आणि मला जाग आली नाही?"

ग्रंथपाल घड्याळजींकडे गेले ते तोंड एवढंसं करून. घड्याळजींनी भिंग काढलं नाही. "तीच मुख्य गोष्ट सांगत होतो. हवेचा दाब एका जागी राहत नाही. सकाळी नऊ-दहाला जास्त, दुपारी चारला कमी. आभाळ भरून आलं, वादळ उठलं की आणखी कमी. दाब कमी झाला की काट्याला वाटतं, हा माणूस उंचावर आलाय. घर जागच्या जागीच असतं हो, हवाच बदललेली असते."

हे शास्त्र ग्रंथपालांनी मनात ठेवायला हवं होतं. त्यांनी ते वकिलांना सांगितलं.

वकिलांचे डोळे चकाकले. "म्हणजे वादळात मोजलं तर घर उंच भरतं? आणि नियमात हवेबद्दल काही लिहिलेलं नाही? तीन दिवसांच्या तारखा काय, मागाहून घालता येतील!" त्यांचं घर ग्रंथपालांच्या खाली, फरशीवाल्या काकूंचं त्याच्याही खाली, कुणाच्याच घराला सहाशे बारा शिवण्याची आशा नव्हती. त्या संध्याकाळपासून सगळी गल्ली वादळाची वाट बघू लागली. माणसं गच्चीत उभी राहून आभाळाकडे बघत. लख्ख ऊन पडलं की काकू कपाळाला हात लावत. वाळवणं घातलेल्या बायकाही म्हणत, "येऊ दे बाई एकदाचं."

आठव्या दिवशी ते आलं. दुपारी तीनला आभाळ काळं झालं, पत्रे खडखडू लागले, आणि ग्रंथपालांना घरातून अक्षरशः उचलून नेण्यात आलं. वकिलांनी डोक्यावर छत्री धरली, ती उलटी झाली, दुसरी आणली. "आधी माझ्याकडे!" "नाही, माझ्याकडे, वारा पडेल!" खोटं कशाला बोला, ग्रंथपालांना त्या दिवशी फार मजा आली. सहा सहा फुटी माणसं त्यांच्या हातातलं यंत्र बघायला कमरेत वाकत होती! वकिलांचं घर सहाशे बत्तीस. टाळ्या! काकूंचं सहाशे एकोणतीस. काकूंनी सगळ्यांना आत बोलावलं, चपला काढून, पाय पुसून. आणि ग्रंथपालांचा स्वतःचा उंबरठा सहाशे सदतीस. त्यांनी तो आकडा वहीत पेन्सिलने लिहिला.

पेन्सिलने, हे लक्षात घ्या. ग्रंथपाल शाईने लिहिणारे. पण यादीत एखादं पुस्तक चुकीच्या विषयाखाली लागलेलं असलं तरी त्यांना जेवण जात नाही, असा तो माणूस. सकाळी ते पुन्हा समोरच्या दुकानात.

"सदतीस भरलं," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"छान," घड्याळजी म्हणाले. "तेव्हाच स्टेशनवर मोजलं असतंत तर तिथे सहाशे भरलं असतं. म्हणजे स्टेशनही सव्वीस मीटर वर गेलं. रेल्वेला कळवलंत का?"

ग्रंथपाल ओशाळले. मग घड्याळजींनी दुसरं यंत्र काढलं, दोन्ही शेजारी ठेवून एकाच आकड्यावर लावली आणि दुकानाला कुलूप घातलं. "चला. एक यंत्र स्टेशनवर, एक घरी. एकाच मिनिटाला दोन्ही वाचायची. हवा हलली तर दोन्हीकडे सारखीच हलेल, आणि दोघांतला फरक तेवढा आपला."

पुढचे तीन दिवस काय धमाल उडाली म्हणून सांगू! घड्याळजी स्टेशनच्या बाकावर, ग्रंथपाल उंबरठ्यावर, दोघांच्या कानाला फोन. "टिचकी?" "मारली!" "वाचा!" "पाचशे ऐंशी!" "माझं सहाशे सतरा!" दुसऱ्या दिवशी मालगाडी आली आणि घड्याळजींना काही ऐकू येईना, तेव्हा स्टेशनमास्तर स्वतः फोन घेऊन खोलीत धावले आणि आकडा ओरडून सांगितला. त्यांनाही आता रंग चढला होता. तिसऱ्या दिवशी ते सुट्टीवर होते, तरी आले. नऊ मोजण्या, नऊ फरक, त्यांची सरासरी, ती स्टेशनच्या पाचशे चौऱ्याहत्तरात मिळवून तीनतीनदा ताळा केलेली. ग्रंथपालांनी उत्तर शाईने लिहिलं.

सहाशे अकरा पूर्णांक चार.

साठ सेंटिमीटर कमी. दोन फूट! दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. ग्रंथपाल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांना रडू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती. जन्मभर चार बोटं कमी पडत आले, आता घरही कमी पडलं.

वकील आलेच. वहीत डोकावले आणि त्यांचा चेहरा पांढरा झाला. "हे खोडा! तुमचं घर माझ्या वर. तुमचं सहाशे अकरा म्हणून गेलं तर माझ्या सहाशे बत्तिसाचं काय होणार? अहो, सदतीस आहे ना लिहिलेलं? तुमच्याच हातचं, तुमच्याच यंत्राचं. गल्लीच्या इभ्रतीचा प्रश्न आहे!" आणि जाता जाता हळूच म्हणाले, "निदान वहिनींच्या गुडघ्याकडे तरी बघा."

हे शेवटचं वाक्य बरोबर जाऊन लागलं. ग्रंथपाल वर गेले. बायकोसमोर वही ठेवली. पेन्सिलचा आकडा दाखवला, शाईचा दाखवला.

"हा लिहिला तर पाणी मिळतं," ते म्हणाले. "पण तो वादळाचा आहे, घराचा नाही. माझ्याने तो लिहवत नाही गं. आणि न लिहून तुझ्याकडे बघवत नाही."

वहिनींनी वही डोळ्यांजवळ धरली. "हे सहाशे अकरा मोजलंत कुठे?"

"उंबरठ्यावर."

"उंबरठ्यावर मी स्वयंपाक करते का?"

"अं?"

"अहो, पाणी मला हवंय कुठे? ओट्यावरच्या नळाला. मग खाली दारात काय मोजत बसलात तीन दिवस?"

ग्रंथपाल तीन ताड उडाले! खाली धावले, उंबरठ्यावर यंत्र वाचलं, वर धावले, ओट्याजवळ जमिनीवर ठेवून वाचलं. काटा चार मीटर पुढे. म्हणजे सहाशे पंधरा पूर्णांक चार! खात्री म्हणून शिंप्याचा टेप आणून पायऱ्या मोजल्या. अठरा सेंटिमीटरच्या बावीस, तीन मीटर शहाण्णव. पुन्हा खाली, पुन्हा वर. पाचव्या खेपेला त्यांची छाती भात्यासारखी चालायला लागली आणि ते मधल्या पायरीवर बसले. हात रिकामे होते, तरी ही गत.

"रोज किती खेपा होतात गं तुझ्या?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"बारा धरा," वरून वहिनी म्हणाल्या.

ग्रंथपालांनी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. चार मीटर, बारा खेपा. रोजचे अठ्ठेचाळीस. वर्षाचे सतरा हजार पाचशे वीस. अकरा वर्षांचे एक लाख ब्याण्णव हजार सातशे वीस मीटर. त्यांनी ताळा करून बघितला. चुकलं असतं तर बरं झालं असतं, पण चुकलं नव्हतं. एकशे ब्याण्णव किलोमीटर उंच, हातात भरली बादली घेऊन. आणि तेवढी वर्षं आपण साडेपाचला घरातून निघतोय, इस्त्रीचा सदरा घालून, आणि लोकांना वर्तमानपत्रं देतोय. ग्रंथपालांना स्वतःची इतकी लाज वाटली, की पाच फूट एक इंचातलं काही उरलंय की नाही अशी शंका यावी.

त्यांनी वर जाऊन तो आकडा बायकोला दाखवला. वहिनींनी तो नीट वाचला.

"माहेरी गेले ते दिवस वजा करा," त्या म्हणाल्या. "पण मग पाहुणे आले की वीस वीस खेपा व्हायच्या, त्या घाला. जाऊ दे, तेवढंच राहू दे."

अर्ज नव्याने भरला गेला. सातव्या रकान्यात: "उंबरठा ६११.४. वापराचा नळ ६१५.४." आणि शेवटी "इतर माहिती" असा एक रकाना होता, तिथे ग्रंथपालांनी बारीक अक्षरात तो हिशेब मांडला, खाली लिहिलं, "ही उंची अर्जदाराच्या पत्नीची आहे." साक्षीदार म्हणून वकिलांनी सही द्यायला साफ नकार दिला. मग घड्याळजींनी केली, आणि स्टेशनमास्तरांनी केली, वर रेल्वेचा शिक्काही मारला. कारकुनाने कुरकुर केली, की एका रकान्यात दोन आकडे बसत नाहीत. "बसले की," ग्रंथपाल म्हणाले, आणि पावती घेतल्याशिवाय खिडकीपासून हलले नाहीत.

आठवड्याने खात्याच्या अभियंता बाई गल्लीत आल्या. सोबत दोन माणसं, तिपाईवरची दुर्बीण आणि आकडे रंगवलेली लांब पट्टी. वकिलांनी गल्लीतर्फे स्वागत केलं. बाईंनी हातातली कागदांची चळत उलगडली.

"हे बत्तीस कुणाचं? एकोणतीस? तीस? अहो, नव्या टाकीचा तळ सहाशे पंचवीसवर आहे. तुमची घरं टाकीच्या वर निघाली! पाणी आम्ही तुम्हाला द्यायचं, की तुम्ही आम्हाला?"

वकिलांनी खिशातून फोन काढला आणि पुन्हा खिशात घातला. फरशीवाल्या काकू मात्र म्हणाल्या, "मी आधीच लिहिलं होतं, आमच्याकडे सगळं उंची आहे."

"आणि हे," बाई एक कागद वर धरून म्हणाल्या, "एक लाख ब्याण्णव हजार कुणाचे?"

ग्रंथपाल पुढे झाले. बाईंनी तो कागद चळतीत सगळ्यात वर ठेवला. टाकीजवळच्या खुणेच्या दगडापासून त्यांनी दुर्बीण लावत लावत उतार मोजत आणला. पट्टीवाला ग्रंथपालांच्या उंबरठ्यावर उभा राहिला. 

"सहाशे अकरा पूर्णांक पाच आठ!" बाई दुर्बिणीतून डोळा न काढता ओरडल्या. "अठरा सेंटिमीटरचा फरक! कशाने मोजलंत तुम्ही?"

घड्याळजींनी भिंग काढून डोळे पुसले. त्यांचे डोळे कसे आहेत ते गल्लीने त्या दिवशी प्रथम पाहिलं.

मग बाई स्वतः जिना चढल्या. बावीस पायऱ्या. वर वहिनींनी त्यांना पाणी दिलं. पेला हातात घेऊन बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग एका घोटात रिकामा केला. "नियमात नुसतं उंची म्हटलंय," त्या म्हणाल्या. "कशाची ते लिहिलेलं नाही. मी वापराच्या नळाची धरते. माझी सही." आणि तिथेच ओट्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली.

नळजोडणीवाले आले, गेले, सांधा गळला म्हणून पुन्हा आले. शनिवारी संध्याकाळी वरच्या नळाने दोनदा ढेकर दिली, तांबडं थुंकला, आणि मग अशी धार सुटली, की ग्रंथपाल नखशिखान्त भिजले आणि भिजल्या अंगाने गल्लीभर "आलं! आलं!" करत फिरले. वकिलांनीही हात मिळवला. खालच्या घरांसाठी जुन्या टाकीचा दाब वाढवायचं बाईंनी कबूल केलं होतं, त्यामुळे त्यांची अब्रू निम्मी वाचली होती.

रविवारी वाचनालय आठला उघडतं, म्हणून ग्रंथपाल घरी होते. पावणेसहाला त्यांना जाग आली ती जिन्यावरच्या पावलांनी. धावत बाहेर येऊन बघतात तर वहिनी अर्धवट झोपेत, एका हातात कठडा, दुसऱ्या हातात रिकामी बादली, अंगणात उतरलेल्या.

"अगं, वर आहे ना पाणी!"

वहिनी थबकल्या. बादलीकडे बघितलं, बंद नळाकडे बघितलं. मग बादली तिथेच नळाखाली ठेवली आणि उलट फिरल्या. एक एक पायरी करत वर आल्या, रिकाम्या हातांनी. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी मागे वळून खाली पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "एवढाच होता होय जिना?"

 ग्रंथपाल तिथेच पायरीवर बसले, आणि मग त्या बसल्या त्यांच्याशेजारी, आणि दोघंही हसायला लागले ते किती वेळ थांबेचनात.